ज्ञानकोशांना कुलूप कोणाचे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी अलीकडे बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे, त्यांना गावच्या पारावर एक प्रश्न हटकून विचारला जातो. "हा धर्म तुम्ही कोठून आणलात? या मातीशी त्याचा संबंध काय?" प्रश्न विचारणारा गृहस्थ बहुधा लेण्याद्रीच्या पायऱ्या अनेकवार चढून आलेला असतो. ज्या दालनात उभे राहून तो गिरिजात्मजाला हात जोडतो, ते दालन भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेला विहार आहे आणि त्याच्या शेजारचे लेणे हे चैत्यगृह आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. खेदाची बाब अशी की, ज्याला प्रश्न विचारला जातो त्या आमच्या धम्मबांधवासही ती कोणी सांगितलेली नसते. मग एक मोठ्याने बोलतो आणि दुसरा खाली मान घालून घरी येतो.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर जुन्नरच्या डोंगरांत कोरून ठेवलेले आहे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दान दिल्याचा लेख असून त्यावर ४६ हे वर्ष आहे. शककालगणनेने ते इसवी सन १२४ च्या सुमारास येते. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. लेण्याद्रीचे चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा, पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून दानधर्म चालविल्याचेही उल्लेख आहेत. अमात्यापासून बुरुडकाम करणाऱ्यापर्यंत आणि कल्याणच्या सराफापासून परदेशी यवनापर्यंत सर्वांची नावे एका संघाच्या दानपत्रांत यावीत, हा या मातीचा धर्म नव्हे तर कोणाचा?

परंतु हे आम्हास कळले कसे? लेख ब्राह्मी लिपीत आहेत, भाषा प्राकृत आहे. आमच्यापैकी शंभरांत एकासही ते वाचता येत नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९१२ मध्ये ल्यूडर्स या जर्मन पंडिताने ब्राह्मी लेखांची सूची केली. त्यांवरून कोश झाले, कोशांवरून लेख झाले आणि त्यातील चार शब्द आमच्यापर्यंत आले. म्हणजेच आमच्या डोंगरातील अक्षर आमच्या घरात येण्यास ग्रंथालयाचा दरवाजा ओलांडावा लागतो. त्या दरवाजाविषयीच आज लिहावयाचे आहे, कारण तो आता लाकडाचा राहिलेला नाही.

धर्माभ्यासाची संदर्भसाधने आज मुख्यत्वे संगणकावर आहेत. न्यूयॉर्क येथे १९८७ मध्ये मिर्चा एलियाद यांच्या संपादकत्वाखाली १६ खंडांचा धर्मकोश निघाला. त्याची १५ खंडांची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये निघाली आणि ती आता ऑनलाइन विकली जाते. हॉलंडमधील लायडन येथील ब्रिल या प्रकाशनसंस्थेने २०१५ पासून बौद्ध धर्माचा महाकोश खंडशः काढण्यास आरंभ केला. तोही ऑनलाइन आहे. ऑक्सफर्डच्या धर्मविषयक कोशांची व ग्रंथसूचींची हीच कथा. विद्यापीठे या कोशांची दरवर्षी वर्गणी भरतात, आणि वर्गणी भरलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला वा अध्यापकाला पासवर्ड मिळतो. ज्याच्याजवळ पासवर्ड नाही त्याला कोशाचे नाव दिसते, लेखाचे शीर्षक दिसते, कधी पहिल्या चार ओळी दिसतात, आणि पुढे पैसे मागणारी पाटी दिसते.

यातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. पूर्वी ग्रंथालय पुस्तक विकत घेई. पैसे एकदा दिले की पुस्तक कपाटात राही, आणि पन्नास वर्षांनी आलेला वाचकही ते उघडी. आता ग्रंथालय बहुधा पुस्तक घेतच नाही. ते वर्षभर पाहण्याचा परवाना घेते. वर्गणी थकली की कपाट रिकामे. सरकारी पैसा खर्च होतो आणि सरकारी मालमत्ता मात्र उभी राहत नाही, असा हा विलक्षण सौदा आहे. घरभाडे भरणाऱ्यास निदान भाडेकरूचे हक्क तरी असतात!

"जे फुकट आहे ते वाचा की," असे कोणी म्हणेल. अवश्य वाचावे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पालि तिपिटक नागरी लिपीसह अनेक लिप्यांत विनामूल्य खुले केले आहे. ऱ्हिस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा १९२१ ते १९२५ या काळातील पालि-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. परमपूज्य बाबासाहेबांचे समग्र लेखन विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्याच्या १६ व्या खंडात त्यांनी स्वतः सिद्ध केलेले पालि व्याकरण व शब्दकोश आहे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाने १९२० च्या दशकात जगाच्या इतिहासाचे 'बुद्धपूर्व जग' आणि 'बुद्धोत्तर जग' असे दोन खंड पाडले. बुद्धाला कालगणनेची खूण मानण्याचे हे औदार्य मराठीत तेव्हा दाखविले गेले, याची नोंद आमच्या टीकाकारांनीही घ्यावी. या सर्वांचे ऋण मोठे आहे.

तथापि धर्माभ्यासाच्या इंग्रजी कोशांकडे वळलो की एक विचित्र प्रकार आढळतो. जे फुकट आहे ते जुने आहे आणि जे नवे आहे ते कुलपात आहे. हेस्टिंग्ज यांचा धर्म व नीती यांचा विश्वकोश १९०८ ते १९२६ या काळात १२ खंड व एक सूचिखंड असा निघाला. तो आज मोफत मिळतो. त्यात बौद्ध धर्मावर पुष्कळ आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर त्यात असणार कसे? त्या काळच्या पंडिताच्या लेखी भारतातील बौद्ध धर्म ही संपलेली गोष्ट होती, उत्खननाचा विषय होता. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. ज्या कोशांत या जिवंत माणसांविषयी काही लिहिले गेले असेल ते नवे कोश. आणि नेमके तेच त्या जिवंत माणसांना वाचावयास मिळत नाहीत.

हे कुलूप किती दिवसांचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. आज चाळिशीत असलेल्या एखाद्या प्राध्यापकाने आमच्या धर्मांतरावर लेख लिहिला आणि तो आणखी ४० वर्षे जगला, तर तो लेख खुला होण्यास १०० वर्षे लागतील. आज नारायणगावच्या शाळेत पहिलीत बसलेल्या मुलीच्या पणतीने तो वाचावा, अशी ही व्यवस्था आहे.

मी कायद्याचा विद्यार्थी आहे. प्रकाशकाने धंदा करू नये असे मी म्हणत नाही. लेखकाला मोबदला मिळावा, छापणाऱ्याचा खर्च निघावा, हे न्याय्य आहे. माझे भांडण प्रकाशकाशी नंतर, आणि ग्रंथालयाशी आधी आहे. का, ते सांगतो.

विद्यापीठ आणि प्रकाशक यांच्यातील परवान्याचा करार बहुधा कोणी वाचत नाही. तो वाचावा. अशा पुष्कळ करारांत 'वॉक-इन युजर' म्हणून एक कलम असते. अर्थ असा की, जो मनुष्य विद्यापीठाचा विद्यार्थी वा नोकर नाही, परंतु ज्याला ग्रंथपालाने ग्रंथालयाच्या इमारतीत प्रवेश दिला आहे, तोही तेथील संगणकावर बसून ती साधने वाचू शकतो. घरून पासवर्ड मिळणार नाही. पण इमारतीत बसून वाचण्यास प्रकाशकाची हरकत नाही. जेथे हे कलम करारात आहे, तेथे आमच्या मुलाला संगणकापासून उठविणारा हात लायडनचा नसतो, ऑक्सफर्डचा नसतो. तो आमच्याच देशातील प्रवेशनियमाचा असतो. काही वर्षांपूर्वी लेण्यांच्या एका लेखाचे वाचन पडताळून पाहण्यासाठी मी एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात गेलो होतो. वहीत नाव लिहून मला आत घेतले, कपाटे दाखविली, चहासुद्धा विचारला. संगणकाकडे वळताच ओळखपत्र मागितले गेले. "हे बाहेरच्यांसाठी नाही." कोणत्या नियमाने, असे विचारल्यावर नियम कोणालाही दाखविता आला नाही.

बाहेरचे! हा शब्द आमच्या समाजाने यापूर्वी ऐकला आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. ठराव कागदावर राहिला. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने खुले केले, तेही कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर दावा लढवून मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते यांचा जो उल्लेख आहे, त्यामागे ही सारी कहाणी उभी आहे.

येथे वकील या नात्याने एक मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणाऱ्या भेदाला मनाई करतो. ग्रंथालयाचा नियम जात विचारीत नाही; तो ओळखपत्र विचारतो. तेव्हा या अनुच्छेदाचा भंग झाला, असा अर्ज कोणी न्यायालयात नेला तर तो टिकणार नाही, आणि उतावीळपणे नेऊही नये. परंतु बोले यांच्या ठरावामागील तत्त्व अधिक व्यापक आहे. पैसा सार्वजनिक असेल तर वापर सार्वजनिक असला पाहिजे, आणि त्यास अपवाद करावयाचा तर अपवाद करणाराने कारण दिले पाहिजे. ओळखपत्र कोणाजवळ असते? ज्याच्या घरात कोणी पदवीपर्यंत पोहोचले त्याच्याजवळ. पदवीपर्यंत कोण पोहोचले आणि कोण पोहोचले नाही, याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

सार्वजनिक पैसा म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून केंद्र सरकारची एक योजना पाहा. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके. लाभ कोणास? सरकारी व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांस. योजना चांगली आहे. प्रत्येक विद्यापीठाने वेगळी वर्गणी भरण्यापेक्षा देशाने एकत्र सौदा करणे शहाणपणाचे आहे. पण ओतूरचा भाजीविक्रेता साबणाच्या वडीवर कर भरतो, डिंभे धरणाखाली ज्याचे गाव गेले तो शेतकरीही भरतो, आणि ६,००० कोटींच्या या खरेदीत त्यांच्या मुलीला, ती संस्थेत दाखल नसेल तर, एक पान वाचण्याचाही हक्क नाही. धर्मकोशांसारखी संदर्भसाधने तर नियतकालिकांहून वेगळी. त्यांची वर्गणी विद्यापीठाने स्वतंत्रपणे भरावयाची.

आता आमच्याच घरातील आक्षेपांकडे वळतो. काही वडीलधारी म्हणतात, पंचशील पाळले, वंदना केली, व्यसन सोडले, एवढे पुरे. आम्हाला कोश काय करावयाचे? त्यांनी दोन तारखांचा विचार करावा. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली २१ वर्षे बाबासाहेबांनी केवळ मुहूर्त शोधण्यात घालविली काय? त्या काळात त्यांनी निरनिराळे धर्म तपासले, पालि शिकले, राजगृहातील हजारो ग्रंथ पालथे घातले. कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. तपासावयाचे तर साधन हवे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बौद्ध ग्रंथांच्या शोधात १८९९ साली घराबाहेर पडले आणि नेपाळपासून सिंहलद्वीपापर्यंत भटकले, कारण ते ज्ञान येथे मिळत नव्हते. त्यांना समुद्र आडवा होता. आमच्या मुलांना पासवर्ड आडवा आहे.

तरुण मंडळींचा आक्षेप याच्या उलट. ते म्हणतात, सर्व काही मोबाईलवर आहे. मोबाईलवर पुष्कळ आहे, हे खरे. पण त्यातील साक्षीदार कोण? धम्मक्रांतीच्या दिवशी व्हॉट्सॲपवर बुद्धाच्या नावाने जी वचने फिरतात, त्यांतील किती तिपिटकात सापडतात? न्यायालयात ऐकीव गोष्टीला पुराव्याचे मोल नसते. अलीकडे प्रश्न विचारताच अस्खलित उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत. परंतु उलटतपासणीत अडखळणारा साक्षीदार परवडला, न अडखळता चुकीचे सांगणारा परवडत नाही. पारावरच्या वादात "मोबाईलवर वाचले" असे सांगणारा हरतो. "१८८१ च्या पुस्तकात भगवानलाल इंद्रजींनी हे वाचन दिले आहे" असे सांगणाऱ्याला निदान ऐकून तरी घ्यावे लागते.

इंग्रजीचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी खोडून काढणार नाही. हे कोश इंग्रजीत आहेत. दार उघडले तरी पहिल्या दिवशी घोडेगावच्या किती जणांना त्यांचा उपयोग होईल? थोड्यांना. पण त्या थोड्यांनी मराठीत आणावयाचे आहे. मराठीत हे काम होते, याचा पुरावा वाईला आहे. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला; आज तो सबंध विश्वकोश संकेतस्थळावर कोणासही, ओळखपत्राविना, वाचता येतो. जे वाईच्या कोशाला जमले ते पुण्याच्या विद्यापीठाला का जमू नये? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालि आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला, फलक लागले, भाषणे झाली. जुन्नरच्या लेखांची भाषा तीच प्राकृत. तिचे नवे कोश व अभ्यास कोणाच्या वाचनासाठी आहेत?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आमच्या हक्कांशी थेट भिडते. आमच्याविषयी लिहिताना आम्हाला काय नाव द्यावे, हे कोशकार ठरवितो. इंग्रजी विकिपीडियावर 'नवयान' असा लेख आहे. महाराष्ट्र शासनाच्या कागदांवर अजूनही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे छापले जाते. दीक्षेला सत्तरावे वर्ष येऊन ठेपले तरी आम्ही 'नव'च! नामाभिधान ही क्षुल्लक बाब नव्हे. धर्मांतराबरोबर अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने त्या १९६० मध्ये आपल्या हद्दीपुरत्या दिल्या, आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची दुरुस्ती यावी लागली. मधली ३० वर्षे आमच्या एका पिढीने 'तुम्ही नक्की कोण' या प्रश्नाच्या कागदी उत्तरापायी भोगली. विकिपीडियावरील लेखात चूक असेल तर कोणीही पुरावा देऊन ती दुरुस्त करू शकतो. कुलपातील कोशात आमच्याविषयी काय लिहिले आहे, हे आम्ही पाहूच शकत नाही. मग हरकत घेणार कशी? दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हा न्यायाचा पहिला धडा कायद्याच्या महाविद्यालयात शिकवितात. येथे दुसऱ्या बाजूला आरोपपत्राची नक्कलही मिळत नाही.

म्हणून मागणी अशी. जुन्नर व आंबेगाव हे तालुके सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात पालि व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, आणि पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय आहे. ज्या साऊमाईंनी शेणाचे गोळे झेलून दार उघडले, त्यांचे नाव या विद्यापीठाने २०१४ मध्ये घेतले. त्याने धर्माभ्यासाच्या ऑनलाइन साधनांचे करार जनतेपुढे ठेवावेत. इमारतीत येऊन वाचणाऱ्यास करार जेथे मुभा देतो, तेथे ती मुभा फलकावर मराठीत लिहून प्रत्यक्षात द्यावी. जेथे मुभा नाही, तेथे पुढील करारात तिचा आग्रह धरावा. जुन्नरहून पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. रोजंदारी बुडवून एस.टी.ने जाणाऱ्याला हा प्रवास पेलवणारा नाही. म्हणून १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्याच्या ग्रंथालयांत, जुन्नरला आणि घोडेगावला, विद्यापीठाचा एकेक वाचन-संगणक असावा. खर्च फार नाही, इच्छा हवी.

ही मागणी सभेत टाळ्या घेण्यासाठी नाही. आमच्या प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम ६ खाली विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विषय एकच ठेवावा आणि अर्ज साधारणतः १५० शब्दांच्या आत बसवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. तीन गोष्टी मागाव्यात: धर्माभ्यासाच्या ऑनलाइन संदर्भसाधनांची नावे व मागील तीन वर्षांची वर्गणी, प्रत्येक परवान्यातील वापरकर्त्याची व्याख्या करणाऱ्या कलमाची प्रत, आणि बाहेरील वाचकांस संगणक न देण्याचा लेखी नियम असल्यास त्याची प्रत. फी १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी नाही, दाखला मात्र जोडावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून कलम ८(१)(ड) खाली नकार आला, तर व्यापक लोकहित असल्यास माहिती देता येते हे त्याच कलमात लिहिलेले आहे, ते अपिलात दाखवावे. पहिले अपील कलम १९(१) खाली, नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये, आणि पोचपावती शाखेच्या दप्तरात ठेवावी.